एका जोडशब्दाचा इतिहास

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या ‘एनसीएए’ या संघटनेचा एक जुना नियम वाचून मला प्रथम हसू आले. महाविद्यालयाने खेळाडूंना मधल्या वेळी फळे, सुकामेवा आणि बेगल नावाचा कड्यासारखा पाव द्यायला हरकत नव्हती. त्या पावावर चीज लावले, की मात्र नियमभंग! पुढे २०१४ मधील शबाझ नेपियर या बास्केटबॉलपटूचे उद्गार वाचनात आले. काही रात्री आपण उपाशीच झोपतो, असे त्याने पत्रकारांना सांगितले होते. त्याच सुमारास त्याचा कनेक्टिकट विद्यापीठाचा संघ राष्ट्रीय विजेता ठरला होता. हसू मावळले आणि या नियमांचे मूळ शोधावेसे वाटले.

फुटबॉलमधील मृत्यूंवरून गदारोळ उठल्यावर १९०६ मध्ये ही संघटना स्थापन झाली. खेळ हौसेसाठी, पैशासाठी नव्हे, हे तिचे ब्रीद. प्रत्यक्षात चांगल्या खेळाडूंना चोरून पैसे मिळतच राहिले. १९४८ च्या ‘सॅनिटी कोड’ने गरजू खेळाडूला जवळपास शुल्कापुरतीच मदत मंजूर केली, नियम मोडणाऱ्या संस्थेला शिक्षा एकच, हकालपट्टी. १९५० मध्ये सात संस्थांवर तशी वेळ आली. पण दोन-तृतीयांश मते पडली नाहीत आणि वर्षभरात तो कोडच गुंडाळला गेला. १९५६ पासून खेळातील गुणांवर शिष्यवृत्ती मान्य झाली.

इथेच खरा पेच होता. खेळण्यासाठी मोबदला मिळतो, तर खेळाडू नोकर नव्हे काय? १९५५ मध्ये रे डेनिसन हा कोलोरॅडोतील खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगार-नुकसानभरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. तो महाविद्यालयाचा नोकर ठरला नाही. अशा दाव्यांच्या धास्तीनेच ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा जोडशब्द घडवून नियमावलीत सर्वत्र पेरला गेला. हे मी अंदाजाने म्हणत नाही. संघटनेचा कारभार १९५१ ते १९८७ सांभाळणारे वॉल्टर बायर्स यांनीच १९९५ च्या आपल्या पुस्तकात तशी कबुली दिली आहे.

नियम निव्वळ ढोंग होते, असे मला म्हणायचे नाही. सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात धनिक पाठीराखे खेळाडूंना गुपचूप पैसे पुरवत. १९८७ चा त्याचा सारा फुटबॉल हंगाम रद्द झाला. लाचखोरीला आळा हवाच होता. पण मुख्य प्रशिक्षकांचे पगार वाढत गेले आणि हौसेचे व्रत पाळायचे ते खेळाडूंनीच.

नेपियरच्या त्या उद्गारांनंतर काही दिवसांतच जेवणाखाण्यावरची बंधने उठली. २०२१ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाशी निगडित लाभांवरील मर्यादा एकमताने बेकायदा ठरवल्या. जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमावता येऊ लागले. २०२५ पासून तर विद्यापीठे थेट उत्पन्नाचा वाटा देऊ शकतात. कालचा अनुचित लाभ आज करारातले कलम झाला आहे.

तो जोडशब्द मात्र अजून रूढ आहे. विद्यार्थ्याचा गौरव करणारा म्हणून तो आपण सहज वाचतो. मला आता तो वाचताना भरपाईविना परतलेली ती विधवा आठवते.