शाईतले लोखंड

अंबाजोगाईच्या दासोपंतांची पासोडी आपल्या सर्वांना ऐकून माहीत आहे. सोळाव्या शतकातल्या या संतकवीने चाळीसएक फूट लांबीच्या कापडावर ‘पंचीकरण’ लिहिले. त्यांना रोज ढबू पैशाची शाई लागत असे, असे सांगतात. ती शाई कशाची होती कोण जाणे, पण ही गोष्ट ऐकली की माझे मन शाईभोवती घुटमळते.

जुन्या शाया मुख्यतः दोन प्रकारच्या. एक काजळ आणि डिंकाची. ती कागदावर नुसती बसते. दुसरी हिरडा आणि हिराकसाची. ती कागदात उतरते. आवळा लोखंडी विळीवर चिरला की पाते काळे पडते ना, तीच ही किमया.

माझ्या आजोबांच्या पेटीत एक जुना दस्त होता. लहानपणी मी तो उलगडला, तर ओळींच्या जागी चिरा पडलेल्या. अक्षरे गळून गेली होती. घरचे म्हणाले, कसर लागली. पुढे कळले, ती कसर नव्हती. शाईनेच कागद खाल्ला होता.

याचे मर्म आल्फ्रेड वेर्नर यांच्या संशोधनात आहे. धातूच्या अणूभोवती ठरावीक जागा असतात आणि त्यांवर दुसरे रेणू येऊन बसतात, हे त्यांनी १८९३ साली मांडले. १९१३ साली त्यांना नोबेल मिळाले. अशा रेणूंना लिगँड म्हणतात. हिरड्यातले टॅनिन हा लोखंडाचा लिगँड. दोघांच्या जोडीतून काळा रंग येतो. पण हिराकस जास्त पडला तर काही लोखंड मोकळे राहते. ते हवेतल्या प्राणवायूला हाताशी धरून कागदाचे तंतू तोडते. शाईतले आम्लही त्यात भर घालते.

मग हे लोखंड बांधून टाकावे का? बांधावे, पण कशाने, हा खरा प्रश्न. चिलेटेड खतामुळे शेतकऱ्यांना ठाऊक असलेले ईडीटीए लोखंडाला घट्ट धरते, तरी पाण्याच्या रेणूपुरती एक जागा उघडी राहते आणि तिथून लोखंडाचा उपद्रव चालूच राहतो. फायटेट मात्र तशी जागाच उरू देत नाही. हा फरक अमेरिकेतील संशोधकांनी १९८४ साली दाखवला. त्याच्या आधारे नेदरलँड्सच्या योहान नेवेल यांनी १९९५ साली जुन्या कागदांसाठी फायटेटचा उपाय सुचवला. आधी कॅल्शियम फायटेटचे पाणी, मग आम्ल मारण्यासाठी कॅल्शियम बायकार्बोनेटचे.

आणि हे फायटेट असते कुठे? आपल्या ज्वारी-बाजरीच्या कोंड्यात! भाकरीतले सगळे लोह अंगी लागत नाही, त्याचे एक कारण तेच. पोटात जे अडवते, तेच कागदाला तारते.

आपल्या जिल्ह्यात घरोघरी बाडे, सनदा, खरेदीखते बासनात पडून आहेत. ती घरच्या घरी पाण्यात बुडवू नका. ओल लागली की मोकळे लोखंड आणखी पसरते. लॅमिनेटही करू नका. प्लॅस्टिकच्या आत शाई आपले काम थांबवत नाही. कोरड्या जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. लिहिणारे गेले; त्यांची अक्षरे तरी राहोत.