कल्हईचा थर आणि एक विस्मृत आजार

नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या अनेक मराठी घरांत गावाकडून आणलेला तांब्याचा हंडा आजही शोभेसाठी ठेवलेला असतो. त्या हंड्याच्या निमित्ताने आपल्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातील एक प्रकरण आठवावेसे वाटते.

तांबे शरीराला अत्यावश्यक आहे. पेशींचे श्वसन आणि लोहाचे वहन घडवणाऱ्या विकरांना ते लागते. मात्र प्रौढाला दिवसाकाठी जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. जादा तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. तान्ह्या बाळाच्या यकृतात ही क्षमता पुरेशी विकसित झालेली नसते.

१९व्या शतकाच्या अखेरीपासून भारतात लहान मुलांच्या यकृताच्या एका प्राणघातक आजाराची नोंद आढळते. यकृत कठीण होई आणि बहुतेक मुले दगावत. एकाच घरातील भावंडे एकामागून एक जात. साहजिकच संशय आनुवंशिकतेवर गेला. १९७०च्या दशकात अशा यकृतांत तांब्याचे प्रमाण अतोनात आढळले. १९८३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातील शीला भावे व आनंद पंडित आणि ब्रिटनमधील टॅनर यांच्या गटाने 'लॅन्सेट'मध्ये त्याचा संभाव्य उगम मांडला : या बाळांना फार लवकर वरचे दूध दिले जाई आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवले वा साठवले जाई. दुधातील प्रथिने तांबे धरून ठेवतात. कल्हई म्हणजे कथिलाचा थर. तो झिजला की दूध आणि धातू यांच्यामध्ये काहीच उरत नसे.

ऑस्ट्रियाच्या टायरॉल प्रांतातही १९०० ते १९७४ या काळात अशाच आजाराने १३८ बालके दगावली. तेथेही कल्हई नसलेली तांब्याची भांडी गेली आणि आजार ओसरला. आनुवंशिक दुर्बलतेचा वाटा मात्र दोन्हीकडे नाकारला गेलेला नाही.

आपल्याकडे डॉक्टरांच्या प्रबोधनाइतकेच स्वस्त स्टीलनेही काम केले. ज्याला वरचेवर कल्हईचा खर्च नाही, असे भांडे गृहिणीने निवडले. भावंडे एकामागून एक गेली ती एका रक्ताची म्हणून, हे सर्वांना सुचले. ती एकाच पातेल्यातील दूध प्यायली होती, हे सुचायला मात्र कित्येक दशके लागली. अहवालात 'कौटुंबिक' असा शेरा मारण्यापूर्वी आम्हा प्रशासकांनी एकदा स्वयंपाकघरात डोकावावे, हे बरे.