मोक्षपटावरचं उचलीचं घर

सापशिडी आपण सगळ्यांनीच खेळली आहे. तरी स्मरणिकेत तिच्यावर लिहितेय, कारण यंदा आपल्याच तालुक्यातल्या मुलांनी मला तिचा एक नियम बदलायला लावला.

हा खेळ इंग्रजांनी आणला असं पुष्कळांना वाटतं. इंग्लंडात तो १८९२ च्या सुमारास विकायला आला, पण तिकडे गेला तो इथूनच. उत्तरेकडे त्याला ज्ञानचौपड म्हणत, आपल्याकडे मोक्षपट. जैनांचा पट ८४ घरांचा, वैष्णवांचा बहुधा ७२ घरांचा. मोक्षपट ज्ञानेश्वरांनी केला अशी श्रद्धा आहे. त्यांच्या काळातला पट मात्र सापडलेला नाही, जुने म्हणून हाती आहेत ते अठराव्या शतकाकडचे. डेन्मार्कचे अभ्यासक याकोब श्मिट-मॅडसन मराठी पट शोधत होते, तेव्हा पुण्याचे हस्तलिखितांचे जाणकार वा. ल. मंजूळ यांना डॉ. रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहात असे दोन पट मिळाले. पहिलं घर जन्माचं, शेवटचं मोक्षाचं. साप काम, क्रोध, लोभाचे. शिड्या दया, सत्संगाच्या. (शिकवण कापडावर मांडणं आपल्याला नवं नाही. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहेच.)

माझ्यातल्या इंजिनिअरला खरी मौज वाटली ती कवड्यांची. फाशावर एक ते सहा सगळे सारखेच पडतात. सहा कवड्यांचं तसं नाही. कवडी उताणी किंवा पालथी पडण्याची शक्यता सारखी धरली, तर तीन उताण्या पडण्याची शक्यता ६४ पैकी २०, आणि सहाही उताण्या पडण्याची ६४ पैकी १. म्हणजे साप कुठे ठेवला तर जास्त चावेल, हे पट आखणाऱ्याला बऱ्यापैकी ठरवता येतं.

दिवाळीत माहेरी गेले तेव्हा पुठ्ठ्यावर ५० घरांचा पट आखला. मोक्षाच्या जागी दहावी पास. कवड्यांऐवजी एका बाजूने घासलेले सहा चिंचोके, सोंगट्या म्हणून बांगड्यांचे तुकडे. सापांना नावं दिली आपल्याकडची, त्यातला सर्वांत लांब साप उचलीचा. मुकादमाकडून उचल घेतली की दसरा-दिवाळीला टोळी निघते आणि मार्च-एप्रिलपर्यंत साखर कारखान्यांच्या मुलखात राहते. आपल्या वर्गातले दिवाळीनंतर रिकामे होणारे बाक आठवत असतील. सहामाहीला पुढे असलेला मुलगा वार्षिक परीक्षेला दिसायचाच नाही, आणि हजेरी घेताना सर त्याच्या नावाशी जरा थांबून पुढे जायचे.

ओट्यावर गल्लीतली सहा पोरं खेळायला बसली. पहिला डाव फार लांबला, लहानगी दोघं उठून गेली, म्हणून दोन साप खोडले. दुसऱ्या डावात एकाची सोंगटी उचलीच्या घरात पडली. त्याने विचारलं, "आत्या, यानं काय केलं म्हणून साप चावला?" जुन्या पटावर या प्रश्नाला उत्तर असतं: लोभ केला, क्रोध केला. तिथे पडणाऱ्याच्या पदरी काहीतरी दोष असतोच. इथे काय सांगणार?

उत्तर दिलं ते गेल्या हंगामात आईबापाबरोबर फडावर जाऊन आलेल्या एका मुलीने. "आत्या, खाली न्हाई जात. हाय तिथंच राहावं लागतंय. शाळा पुढं जाती."

मग साप पुसला. आता त्या घरात सोंगटी तिथेच थांबते आणि बाकीचे चार डाव खेळतात. याने खेळ जास्त बोचरा झाला. साप चावला की पोरं हसतात, पण चार डाव चिंचोके हातात न घेता बसलेल्या पोराकडे पाहून कोणी हसलं नाही.

शिड्याही त्यांनीच सांगितल्या. हंगामी वसतिगृहाची एक. दुसरी मला सुचलीच नसती, "आजी घरी असली तर." ती उचलीच्या आधीच्या घरात लावली. तिथे सोंगटी पडली की उचलीचं घर वगळून पुढे जायचं.

पट मेळाव्याला घेऊन येतेय. ३७ वं घर अजून कोरं आहे. आपल्यापैकी जे कोयत्यावर जाऊनही दहावीपर्यंत पोचले, त्यांनी त्यात काय लिहायचं ते सांगावं. चिंचोके माझ्याकडे आहेत.