खतकश : सुताराच्या हत्यारपेटीतील भूमिती

खरेदीखत, कर्जखत, गहाणखत या दस्तऐवजांच्या नावांतून 'खत' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो परका वाटत नाही. मूळ अरबी 'खत्त' म्हणजे रेघ, आणि त्यावरूनच लिखाण, हस्ताक्षर. त्याला 'कशीदन' म्हणजे ओढणे या फारसी क्रियापदातील 'कश' जोडला की 'खतकश' हा शब्द तयार होतो : रेघ ओढणारा. इराणात हा शब्द शाळकरी मुलाच्या मोजपट्टीसाठी वापरतात. आपल्याकडे हिंदी-उर्दू बोलणाऱ्या सुतारांत मात्र तो एका खास हत्याराचे नाव झाला. बोलण्यात त्याचा 'खतकस' होतो आणि तंत्रशिक्षणाच्या पुस्तकांत त्याला मार्किंग गेज म्हणतात. 'कशिदा' याच क्रियापदातून आला, म्हणजे खत लिहिणारा कारकून, कशिदा काढणारी स्त्री आणि सुतार हे तिघेही शब्दांच्या वंशावळीत एकमेकांचे नातलग ठरतात. गुण्या हा शब्दही असाच दूरचा प्रवासी आहे. ग्रीकमधील 'कोन' या अर्थाच्या शब्दापासून तो फारसीमार्गे आपल्या सुतारापर्यंत पोहोचला.

हत्यार दिसायला अगदी साधे. एक वीतभर लांबीची चौकोनी दांडी, तिच्या एका टोकाजवळ बसवलेला पोलादी खिळा, आणि दांडीवर मागेपुढे सरकणारा एक ठोकळा. ठोकळा हव्या त्या अंतरावर आणून पाचर ठोकून किंवा स्क्रू आवळून पक्का करायचा. मग तो लाकडाच्या रंधलेल्या कडेला टेकवून दांडी ढकलत न्यायची. खिळ्याचे टोक त्या कडेला समांतर रेघ कोरत जाते. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते, कोरलेल्या रेघेला ती जवळजवळ नसते. शिवाय पटाशीचे पाते त्या कोरलेल्या रेघेत नेमके बसते. दोन खिळे असलेला खतकश खाच आणि तिच्यात बसणारी जीभ या दोहोंच्या कडा एकाच वेळी आखतो.

या हत्याराची खरी खुबी अशी की त्याला आकड्याची गरज नाही. फळीची जाडी किती इंच आहे हे सुताराला ठाऊक नसले तरी चालते. ठोकळा एका तुकड्यावर लावून घेतला की तेच अंतर दुसऱ्या, तिसऱ्या, पन्नासाव्या तुकड्यावर जसेच्या तसे उतरते. मोजताना होणारी चूक येथे होऊ शकत नाही, कारण मोजणेच होत नाही. भूमितीच्या अध्यापकांनी या मुद्द्यावर क्षणभर थांबावे. दिलेल्या रेषेपासून समान अंतरावरील बिंदूंचा संच म्हणजे समांतर रेषा, ही गोष्ट विद्यार्थ्याला फळ्यावर सांगावी लागते. खतकश ती हातात देतो. अट एकच : पहिली कड सरळ हवी. ती वाकडी असेल तर खतकश तो वाकडेपणा इमानदारीने पुढे नेतो.

अंतर एकदा निश्चित करून मग त्याला धक्का न लावणे, या कल्पनेला इस्लामी विज्ञानाच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. खुरासानातील बूझजान येथे ९४० साली जन्मलेले आणि ९९८ मध्ये बगदादला निधन पावलेले गणिती अबुल वफा अल-बूझजानी यांनी कारागिरांना लागणाऱ्या भौमितिक रचनांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यातील कित्येक रचना परकाराचे तोंड एकदा उघडून मग न बदलता करायच्या आहेत. कामाच्या जागी पुन्हा पुन्हा तोंड बदलले की चूक शिरते, हे ओळखूनच त्यांनी हा निर्बंध पाळला असावा असे मला वाटते. कारागीर आणि भूमितिज्ञ यांच्या एका बैठकीचा वृत्तांतही त्यांनी दिला आहे. प्रश्न होता तीन समान चौरस कापून त्यांचा एक मोठा चौरस करण्याचा. भूमितिज्ञांची सिद्धता बिनचूक, पण तिच्यावरून लाकूड कसे कापावे हे कारागिराला कळेना. कारागिरांच्या रीती सोप्या, पण त्यांतील काही मुळातच चुकीच्या. बूझजानी यांनी दोन्ही बाजूंची उणीव दाखवली आणि कापता येईल व सिद्धही करता येईल अशी रचना सुचवली. आपल्या विद्यासंस्थांत प्रात्यक्षिक आणि सिद्धान्त यांच्यात जी भिंत दिसते ती या ग्रंथकाराला मान्य झाली नसती.

इब्न खल्दून यांनी १३७७ साली 'मुकद्दिमा' लिहिला तेव्हा त्यात सुतारकामावर वेगळे प्रकरण घातले. आकारांचे परस्पर प्रमाण जाणल्याशिवाय हा धंदा साधत नाही आणि प्रमाण जाणणे ही भूमिती आहे, असे त्यांचे म्हणणे. पुढे जाऊन युक्लिड, अपोलोनियस, मेनेलाउस हे सुतारकामातही निष्णात होते असे ते सांगतात. ऐतिहासिक पुराव्याच्या कसोटीवर हे विधान टिकेल असे नाही. पण चौदाव्या शतकातील एका काझीला युक्लिडच्या हातात रंधा कल्पिताना संकोच वाटत नाही, हे महत्त्वाचे.

इंग्लंडात या हत्याराला छापील पानावर जागा मिळाली ती जोसेफ मॉक्सन यांच्यामुळे. नकाशे व पृथ्वीगोल बनवणारे आणि मुद्रक असलेले मॉक्सन १६७७ पासून 'मेकॅनिक एक्सरसाइझेस' ही पुस्तकमाला भागांनी काढू लागले. तिच्यात सुताराच्या इतर हत्यारांबरोबर गेजचेही वर्णन आहे. त्या काळी सुतार पुष्कळदा ते स्वतःच करून घेई. एकोणिसाव्या शतकात शेफील्ड व बर्मिंगहॅम येथे हत्यारे तयार करणे हा मोठा धंदा झाला आणि खतकश सूचिपत्रातील माल बनला. विल्यम मार्पल्स अँड सन्ससारख्या शेफील्डच्या कारखान्यांच्या मालात बीच लाकडाचे स्वस्त गेज, त्याहून वरचे रोजवुडचे, आणि सर्वांत भारी पितळी पट्ट्या जडवलेले एबनीचे, अशी चढती श्रेणी असे. अमेरिकेत १८५० च्या दशकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या स्टॅन्ली रूल अँड लेव्हल कंपनीचा ७७ क्रमांकाचा दुहेरी खिळ्याचा गेजही रोजवुडचाच.

कठीण लाकूड वापरण्यामागे सबळ कारण होते. ठोकळा दिवसभर लाकडाच्या कडेवर घासतो. मऊ लाकूड झिजून त्यात खाच पडते आणि रेघ डुगडुगते. घट्ट पोताचे लाकूड कमी झिजते, हवेतील ओलीने कमी फुगते, दांडी भोकातून सहज सरकते. झिजेवर उपाय म्हणूनच घासणाऱ्या तोंडावर पितळ बसवत. तरीही हे म्हटले पाहिजे की एबनी-पितळेचे जडजवाहिरी गेज साध्या बीचच्या गेजपेक्षा अधिक सरळ रेघ ओढत नाही. एबनी उलट तडकण्याचा धोका जास्त. ती श्रीमंती कामाइतकीच पेटी उघडणाऱ्याच्या प्रतिष्ठेसाठी होती.

रोजवुड या एका व्यापारी नावाखाली दोन वेगळ्या देशांची लाकडे विकली जात. एक ब्राझीलचे, दुसरे आपले शिसव. मुंबईत यालाच ब्लॅकवुड म्हणत आणि त्याचे कोरीव फर्निचर एकोणिसाव्या शतकात परदेशी जाई. बेळगावच्या वाचकांना हे सांगायला नको की हल्याळ, दांडेली, यल्लापूरच्या रानांतले शिसव म्हणजे या जातीचा उत्तम नमुना. मुंबई इलाख्यात साग, शिसव आणि चंदन ही सरकारच्या हक्काची झाडे ठरली होती. पायथ्याच्या गावातील सुताराला परवान्यावाचून शिसवाला हात लावता येत नसे. त्याचा स्वतःचा खतकश बाभळीचा किंवा हाती लागेल त्या टणक लाकडाचा. १८८८ मध्ये मुरगाव बंदरापासून घाट चढून आलेली रेल्वे कॅसल रॉकला दक्षिण मराठा रेल्वेशी जोडली गेली आणि या मुलखातला माल समुद्राकडे नेणे सोपे झाले. आज चित्र वेगळे आहे. ब्राझीलच्या रोजवुडचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ पासून जवळजवळ बंद आहे आणि २ जानेवारी २०१७ पासून शिसवासह डॅल्बर्जिया वंशातील इतर सर्व झाडांचा समावेश साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला. शिसवाचा गेज करणारा आजचा हौशी कारागीर बहुधा मोडक्या पलंगाचा पाया शोधत असतो.

हाताच्या कामाला शिक्षणात आणण्याचे प्रयत्न आपल्या परिसरात झाले. वडोदऱ्यात सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० साली कलाभवन सुरू झाले; त्याचे प्रवर्तक त्रिभुवनदास गज्जर यांचे आडनावच सुतारकीचे. पुढे ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याच डिसेंबरात अहवाल दिला. त्यात सूतकताई व शेतीबरोबर सुतारकाम हा मूलोद्योग होता, आणि हस्तव्यवसाय हा जोडविषय नसून इतर विषय त्याच्याभोवती गुंफले जावेत ही अपेक्षा होती. मुस्लिम समाजात या योजनेला विरोध झाला तो मुख्यतः धर्मशिक्षण आणि राजकीय अविश्वास या मुद्द्यांवर. त्या गदारोळात सुतारकामातून गणित कसे शिकवावे या मूळ शैक्षणिक प्रश्नाकडे कोणाचे लक्ष राहिले नाही. ही हानी मला त्या वादातील जयपराजयापेक्षा मोठी वाटते, कारण ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या करवत चालत होती त्या मुलांना शाळेत प्रथमच बरोबरीने बसता आले असते.

शेफील्डमध्ये केन हॉली नावाच्या हत्यार-विक्रेत्याने बंद पडणाऱ्या कारखान्यांतून हत्यारे, अर्धवट घडवलेले भाग आणि सूचिपत्रे आयुष्यभर गोळा केली. २०१० साली केल्हम आयलंड संग्रहालयात त्यांचे दालन उघडले. आपल्याकडे हत्यारे नाहीत, पण शब्द तरी एकदा गोळा झाले. मौलवी अब्दुल हक यांची अंजुमन तरक्की-ए-उर्दू १९३८ मध्ये औरंगाबादहून दिल्लीला गेली. १९३९ पासून तिने जफरुर्रहमान देहलवी यांनी जमवलेला पेशेवरांच्या परिभाषेचा कोश आठ खंडांत प्रसिद्ध केला. गवंडी, सुतार, विणकर यांच्या तोंडचे हजारो शब्द त्यात आहेत. तो कोश उत्तरेकडील बोलीचा. हैदराबाद, बेळगाव, इंदूर येथील आपल्या मिस्त्रींच्या शब्दांची तशी नोंद कम्युनिटी कॉलेजांना करता येईल, आणि ती वर्गातील मुलांनीच घरी जाऊन करावी. हत्याराचे घरगुती नाव, त्याचे लाकूड, ते कोणी केले, पाचर आहे की स्क्रू, आणि टोक कशाचे बसवले आहे, विकतच्या खिळ्याचे की सायकलच्या तारेचे, एवढे लिहून आणले तरी पुष्कळ.