कोऱ्या कागदाचे गाव

दौंड-मनमाड लोहमार्गावरून शिर्डीचा फाटा जेथे फुटतो, त्या गोदावरीतीरावरील पुणतांब्यात योगी चांगदेवांची समाधी आहे. वयाने लहान परंतु ज्ञानाने थोर अशा ज्ञानेश्वरांना कोणत्या शब्दांनी संबोधावे, हे न उमगल्यामुळे ज्यांनी कोराच कागद धाडला, त्या कागदाच्या उत्तरादाखल ज्यांना पासष्ट ओव्या लाभल्या आणि पुढे ज्यांनी बालवयाच्या मुक्ताबाईंना गुरू मानले, असे हे चांगदेव. आणि म्हणूनच, शिक्षकाने पुन्हा शिष्य होण्याच्या प्रथेचा इतिहास सांगावयाचा झाल्यास त्याचा आरंभ याच गावापासून करावा, असे मला मनापासून वाटते.

पेशवाईच्या अंमलात गावोगावच्या पंतोजीस नव्याने शिकण्याचे प्रयोजन फारसे पडत नसे. धुळपाटीवर गिरवलेली अक्षरे, पावकी-निमकीचे पाढे आणि कुलकर्ण्याच्या दप्तरास पुरेल एवढे मोडीचे वळण, ही त्याची विद्या. आणि जे त्याने बालपणी घोकले, तेच तो वृद्धपणी घोकवून घेई. इंग्रजी अमदानीत छापील क्रमिक पुस्तके आली, नकाशे आले, भूगोल आला, आणि शिकविणाऱ्यासही आधी शिकविले पाहिजे हा विचार प्रथमच राज्यकारभाराचा विषय झाला. मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांकडे अध्यापकवर्गाचे काम आले ते १८४५ साली. वुडच्या १८५४ च्या खलित्याने अध्यापनशाळांचा पुरस्कार केला. याच सुमाराच्या थोडे आधी, ज्या जिल्ह्यास आज अहिल्यानगर म्हणतात, त्याच्या मुख्य ठाण्यी मिस फॅरार यांच्याकडे सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे धडे घेतले होते, ही गोष्ट या जिल्ह्याने अभिमानाने स्मरावी अशीच आहे. पुढे कृष्णशास्त्री आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर या पितापुत्रांच्या संपादनाखाली ‘शालापत्रक’ हे मासिक निघत राहिले, आणि शिक्षकासही वाचनाची निरंतर शिदोरी लागते हे त्यातून मान्य झाले.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण १९८६ साली जाहीर झाले, त्यानुसार जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या, आणि या जिल्ह्याची संस्था संगमनेरास आली. त्यानंतर संगणकाचे युग अवतरले. २००१ साली सुरू झालेली एमएस-सीआयटी ही परीक्षा शिक्षकांवर बंधनकारक झाली आणि मुदतीत उत्तीर्ण न होणाऱ्याची वेतनवाढ रोखण्यापर्यंत तिचा अंमल पोहोचला. २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हा डिजिटल मंच आला. ‘निष्ठा’ हे प्रशिक्षण २०१९ साली प्रत्यक्ष वर्गांत सुरू झाले आणि महामारीने शाळांची दारे लावताच, २०२० मध्ये, तेही त्याच मंचावर गेले. ज्यांनी आयुष्यभर खडू हाती धरला होता, त्यांना पन्नाशी उलटल्यावर हातातील मोबाईलच्या काचेवर वर्ग भरवावा लागला. आणि अनेकांनी तो घरातल्या मुलानातवंडांकडून शिकून भरविला, हे चांगदेवांच्या प्रथेस शोभण्यासारखेच झाले.

या दीर्घ इतिहासातून मला एकच निष्कर्ष निघताना दिसतो. साधन फर्मानाने शाळेच्या दारापर्यंत येते. दाराच्या आत ते सहकाऱ्याच्या हातानेच येते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांस क्यूआर कोड जोडले, तेव्हा तसा हुकूम कोणी काढलेला नव्हता. राज्याची पाठ्यपुस्तके त्या वाटेने नंतर गेली. २०२० साली दहा लक्ष डॉलरांचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले असता त्यांनी त्यातील अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. विद्या आणि वित्त दोन्ही वाटल्यानेच वाढतात, अशी श्रद्धा असल्यावाचून हे घडत नाही.

म्हणून प्रशिक्षणाची आखणी करणाऱ्यांस माझी विनंती अशी, की प्रमाणपत्रांच्या मोजदादीपेक्षा केंद्रशाळेच्या शिक्षण परिषदेत एका शिक्षकाने दुसऱ्याशेजारी बसून एखादा पाठ घडविण्यास अधिक अवकाश द्यावा. आणि शिक्षकबंधुभगिनींस एवढेच सांगावयाचे, की ज्यास आपले अज्ञान कोऱ्या कागदासारखे उघड करून धाडता येते, त्यालाच उत्तर येते. पुणतांब्याची समाधी त्याच धैर्याची आहे. तेथे एकदा अवश्य जावे.