आरसिंक

आरसिंक : दोन संगणकांवर, अथवा एकाच संगणकावर दोन ठिकाणी, ठेवलेल्या फाइली परस्परांशी जुळत्या करणारी आणि त्यासाठी केवळ बदललेला भाग पाठवणारी एक मुक्त आज्ञावली. कॅनबरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी ती रचली, आणि १९ जून १९९६ रोजी ती प्रथम जाहीर झाली. ट्रिजेल यांच्या १९९९च्या प्रबंधात तिच्यामागील गणिती रीतीचे सविस्तर विवेचन आहे. विंडोज व युनिक्स यांच्या दरम्यान फाइलींची देवघेव घडवणारी सांबा ही आज्ञावलीही त्यांचीच. लिनक्स, बीएसडी व मॅकओएस यांवर आरसिंक थेट चालते, विंडोजवर सिगविनसारख्या मध्यस्थाच्या आधाराने.

तिच्या कार्यपद्धतीचे मर्म ताळा पाहण्यात आहे. ज्या संगणकावर फाइलीची जुनी नक्कल आहे तो तिचे सारख्या लांबीचे खंड पाडतो, प्रत्येक खंडाचे दोन ताळे काढतो, एक ३२ बिटांचा, चटकन निघणारा पण कच्चा, आणि दुसरा, मूळ आराखड्यात १२८ बिटांचा, सावकाश निघणारा पण पक्का, आणि हे ताळेच तेवढे दुसऱ्या टोकास पाठवतो. त्या टोकाला असलेल्या नव्या फाइलीवरून खंडाएवढ्या रुंदीची एक खिडकी मागचा बाइट सोडीत व पुढचा घेत सरकत जाते, आणि कच्चा ताळा असा बेतलेला आहे की खिडकी सरकली म्हणून सबंध खंडाची बेरीज नव्याने मांडावी लागत नाही, गेलेल्या बाइटाची वजावट व आलेल्याची भर केली म्हणजे भागते. कच्चा ताळा जुळला तरच पक्क्याची रुजवात घेतली जाते. एखाद्या दीर्घ मसुद्याच्या पहिल्याच पानावर एक वाक्य घातले, तर पुढचा प्रत्येक शब्द आपल्या जागेवरून ढळतो, आणि जागेवरूनच तुलना करणाऱ्या यंत्राला सारा मसुदा नवा वाटू लागतो. खिडकी मात्र त्या वाक्याच्या पलीकडे जाताच जुने खंड पुन्हा ओळखते, आणि तारेवरून जाते ते केवळ वाक्य व त्याच्या भोवतालचा थोडासा भाग. तयार होणारी नक्कल आधी तात्पुरत्या नावाने लिहिली जाते, सबंध फाइलीचा ताळा जुळल्यानंतरच तिला खरे नाव मिळते. मंद मोडेमच्या काळात जन्मलेली ही युक्ती आजही जुनी झालेली नाही, यातच तिच्या कर्त्यांची थोरवी दिसते.

अशा आज्ञावलीची नवी आवृत्ती काढणे ही मात्र मोठ्या जोखमीची बाब आहे. ‘आवृत्ती’ हा शब्द आपण ग्रंथव्यवहारातून घेतला, परंतु ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली म्हणून पहिलीच्या वाचकाचे काही अडत नाही, तर आरसिंकला नेहमीच दोन टोके असतात, त्यांचे कारभारी बहुधा भिन्न असतात, आणि दोन्ही टोके एकाच दिवशी नवी होतील अशी तजवीज कोणालाही करता येत नाही. म्हणून जोडणी होताच प्रत्येक टोक प्रथम आपल्या प्रोटोकॉलचा, म्हणजे संभाषणाच्या नियमावलीचा, क्रमांक सांगते, आणि दोहोंतील जो लहान असेल त्याच्या रीतीने पुढचे संभाषण चालते. हा पहिला क्षण इतका निर्णायक आहे की दूरच्या संगणकाने लॉगिनच्या वेळी स्वागताची एखादी ओळ छापली, तरी आरसिंक तिलाच क्रमांक समजते आणि प्रोटोकॉल जुळत नसल्याची तक्रार करून थांबते. पुष्कळांचे तास या एका ओळीपायी गेले आहेत.

मार्च २००८ची ३.०.० ही आवृत्ती या इतिहासातील मोठा टप्पा होय. प्रोटोकॉल ३० झाला, पक्क्या ताळ्यासाठी एमडी४च्या जागी एमडी५ आला, आणि सर्व फाइलींची यादी पुरी होण्याची वाट न पाहता पाठवणी सुरू करण्याची सोय झाली, जिच्यामुळे लक्षावधी फाइलींचे दप्तर हलवताना स्मृतीवर पडणारा भार पुष्कळ उतरला. हिच्या सुमारासच आरसिंकचा परवाना जीपीएल या मुक्त परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीवर गेला, आणि ॲपलने तो न स्वीकारता २००६ची २.६.९ हीच आवृत्ती वर्षानुवर्षे आपल्या संगणकांत ठेवली. पुढे तिच्या जागी ओपनआरसिंक ही स्वतंत्रपणे लिहिलेली आज्ञावली आली, आणि तीही २.६.९शी सुसंगत अशीच आपली ओळख देते. एका परवान्याच्या बदलाने कोट्यवधी संगणकांवरील प्रोटोकॉल २९ वर अडवून ठेवला.

३.०.०मध्ये आणखी एक गोष्ट आली जिचे महत्त्व मराठी लिहिणाऱ्यास विशेष कळावे, ती म्हणजे नावांच्या लिपिसंकेताचे रूपांतर करण्याचा पर्याय. ‘दुसऱ्या’, ‘ऱ्हास’ या शब्दांतील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एकसंध लिहिता येतो, आणि ‘र’ व त्याखालील नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था अशी अक्षरे फोडून साठवीत असे, लिनक्स जशी येतील तशी ठेवते. डोळ्यांना नाव एकच दिसे, पण बाइट निराळे असल्याने आरसिंक ती दुसरीच फाइल समजे व सारी पुन्हा पाठवी. याच जातीची दुसरी अडचण वेळेची आहे : फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर बदलाची वेळ दोन दोन सेकंदांच्या टप्प्यांतच नोंदली जाते, म्हणून तेथे एका सेकंदाची तफावत माफ करण्यास वेगळा पर्याय द्यावा लागतो.

जून २०२०च्या ३.२.०ने एक्सएक्सहॅश हा शीघ्र ताळा व झेडस्टँडर्ड ही संक्षेपपद्धती आणली. ताळे असे वाढत गेले, आणि दोषही त्याच वाटेने आला. ऑक्टोबर २०२२च्या ३.२.७मध्ये सर्व्हरवरील ओळख पटवण्यासाठी एसएचए-२५६ व एसएचए-५१२ स्वीकारले गेले, त्यामुळे सर्वांत लांब ताळ्याची मर्यादा ६४ बाइटांवर गेली. परंतु प्रत्येक खंडाचा ताळा ज्या जागेत उतरवला जाई ती पूर्वीप्रमाणे १६ बाइटांचीच राहिली. समोरून आलेली लांबी नव्या मर्यादेशी ताडली जाई, जागेशी नाही, आणि वैरभावाने बोलणाऱ्या ग्राहकास ४८ बाइट हद्दीबाहेर लिहिता येत. स्मृतीतील मजकूर बाहेर फुटू देणाऱ्या दुसऱ्या दोषाची जोड मिळाली की, केवळ वाचण्याची मुभा असलेला अनामिकही सर्व्हरवर आपले हुकूम चालवू शकत असे. गंभीरतेच्या दहांच्या मापावर यास ९.८ अंक मिळाले. दोष एकूण सहा निघाले, त्यांतील पाच गूगलच्या संशोधकांनी शोधले, आणि कार्नेगी मेलन विद्यापीठातील सर्ट समन्वय केंद्राने त्यांची इतल्ला प्रसिद्ध केली.

हे दोष बुजवणारी ३.४.० जानेवारी २०२५च्या मध्यास प्रकाशित झाली. तिच्यात प्रोटोकॉलचा क्रमांक ३१वरून ३२ करण्यात आला, आणि त्याचे कारण संभाषणाची रीत बदलली हे नव्हते : कारभाऱ्यांना आपले सर्व्हर सुधारले की नाही हे सहज पडताळता यावे, एवढ्यासाठीच तो वाढवला गेला. सर्व्हर जोडणी होताच आपला क्रमांक सांगतो, त्यामुळे आत न शिरता दारातूनच चौकशी होऊ शकते. दुसऱ्याच्या अडचणीचा इतका विचार करून टाकलेला हा एक अंक प्रस्तुत लेखकास त्या आवृत्तीतील सर्वांत सुजाण भाग वाटतो. घाईच्या कामात एक चूक मात्र राहिली. अंतर्गत खुणांची मूल्ये एकमेकांशी आदळल्याने हार्ड लिंक, म्हणजे एकाच फाइलीची अनेक नावे, जपण्याचा पर्याय बिघडला, आणि दुसऱ्याच दिवशी ३.४.१ काढावी लागली.

डेबियनसारख्या लिनक्स-वितरणांची रीत याहून वेगळी आहे. स्थिर आवृत्तीत ते नवी आज्ञावली घेत नाहीत, दोषांवरील ठिगळे तेवढी जुनीवर लावतात. त्यामुळे डेबियन १२वर आरसिंकचा क्रमांक ३.२.७ हाच राहिला, आणि दुरुस्ती झाल्याचा दाखला क्रमांकामागच्या ‘डेब१२यू१’ या शेपटात शोधावा लागला. हार्ड लिंकांची चूकही ठिगळाबरोबर तेथे पोहोचली होती. ती निस्तरल्यावर त्याचे ‘यू२’ झाले.