‘पोलीस अ‍ॅक्शन’मध्ये पोलीस कुठे होते?

माझी आजी कधी सन सांगायची नाही. “पोलीस अ‍ॅक्शनच्या आधीचं” किंवा “नंतरचं”, एवढंच. लहानपणी मला वाटायचं, खाकीवाले आले असतील आणि रझाकारांना धरून नेलं असेल. पण आलं होतं लष्कर, रणगाड्यांसकट!

तेव्हा आपला परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कासीम रझवीच्या रझाकारांनी गावोगावी दहशत बसवली होती आणि संस्थानचे पोलीस त्यांना आवरत नव्हते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. म्हणून आपण १७ सप्टेंबरला झेंडावंदन करतो. लष्करी नाव होतं ‘ऑपरेशन पोलो’. ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हटलं, कारण सरकारला सांगायचं होतं की हे परक्या देशाशी युद्ध नाही, घरातलाच बंदोबस्त आहे.

पाच दिवसांत काम फत्ते. मग गडबड कुठे झाली? पुढच्या दिवसांत. जुनी सत्ता कोसळली आणि गावात रोजचा पहारा द्यायला कुणी उरलं नाही. शेजारच्या प्रांतांतून अधिकारी आणि पोलीस आणले, पण तोवर अनेक गावांत सूड सुरू झाला होता. रझाकारांशी काही संबंध नसलेले मुसलमानही मारले गेले. केंद्राने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने किमान २७ ते ४० हजार मृत्यूंचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपल्या शेजारचं नांदेड होतं. लष्कराच्या शिस्तीचं अहवालाने एकूण कौतुक केलं, पण काही ठिकाणी सैनिक आणि पोलीसही लूट-हत्येत सामील होते, हेही लिहिलं. तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला.

आता थेट २६ नोव्हेंबर २००८, मुंबई. इथे उलटं घडलं. कमांडो पोहोचेपर्यंत पोलीसच उभे होते. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली, गोळ्या झेलल्या, पण सोडली नाही. मग लष्कर, मार्कोस आणि मानेसरहून एनएसजी आले. २९ तारखेला ऑपरेशन संपलं, कमांडो परतले आणि शहर पुन्हा पोलीस ठाण्यांच्या हाती आलं.

कायदाही हेच धरून चालतो. बेकायदा जमाव पोलिसांना आवरत नसेल, तर जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे आपले कलेक्टर, लष्कराची मदत मागू शकतात. पण बळ कमीत कमी वापरायचं, हे कलमातच लिहिलंय.

आमच्या आयटीत सर्व्हर पडला की एक्सपर्ट टीम रात्रीतून सिस्टीम उभी करते. पण सकाळी सांभाळायला कुणी नसेल तर? फौजेचंही तसंच. लढाई पाच दिवसांत जिंकता येते. पण सहाव्या दिवशी भेदरलेल्या माणसाने जायचं कुठे? त्याच्यासाठी गावात ठाणं उघडं पाहिजे, आणि ते त्याचंही असलं पाहिजे.

तुमच्या घरात ‘अ‍ॅक्शन’ आठवणारं कुणी असेल, तर आजच विचारा. आणि रेकॉर्ड करून ठेवा. भेटू पुढच्या भागात!